बसण्याचं विचारतेस, आत्या

प्रिय आत्या,

परवा फोनवर तू नेहमीचा प्रश्न विचारलास, ‘बसतेस ना गं रोज?’ मी म्हणाले, ‘चालते.’ तू म्हणालीस, ‘चालणं तब्येतीला चांगलंच, पण मी बसण्याचं विचारतेय.’ तेवढ्यात तुझ्या दारात गॅसवाला आला आणि बोलणं तिथेच राहिलं. ते पुरं करायला हे पत्र. फोनवर मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. तू एक वाक्य बोलेपर्यंत माझी तीन तयार होतात आणि त्यातलं कामाचं नेमकं निसटतं. कागदावर निदान खोडता येतं.

तर ऐक. मी सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढते. (तू त्रिरश्मी म्हणतेस, बरोबरच आहे, पण रिक्षावाल्याला पांडवलेणीच सांगावं लागतं.) पायथ्याशी फाळके स्मारकाजवळ गाडी लावते, मोबाईल डिकीत टाकते, आणि पाऊल कसं टेकतं एवढंच बघत वर निघते. टाच, चवडा, दगड. टाच, चवडा, दगड. चार पायऱ्या झाल्या की मी मनाने अंबडच्या कंपनीत पोचलेली असते, बेअरिंगचा माल आज आला नाही तर लाईन थांबेल. मग लेकीच्या क्लासची फी. मग गीझर बंद केला का. मग गेल्या गणपतीत जाऊबाई जे बोलल्या त्याला द्यायला हवं होतं ते उत्तर, आणि तेही असं फर्मास सुचतं की मीच मनात हसते. मध्येच कुठेतरी तळव्याला दगडाची कड लागते. अरे, आपण गेलो होतो. पुन्हा टाच, चवडा, दगड. सध्या पावसाने पायऱ्या शेवाळल्यात, त्यामुळे भान जरा लवकर येतं, हा पावसाचा उपकार.

माझी साधना ती ही. तू आत्ता चष्मा कपाळावर सरकवून ‘हं’ म्हणाली असशील.

तू नोट प्रेसमधून रिटायर झालीस त्याच वर्षी पहिल्यांदा इगतपुरीला विपश्यना शिबिराला गेलीस. दहा दिवस तुझा आवाज नाही म्हणून आई किती कासावीस झाली होती, आठवतं? परत आलीस ती सावकाश जेवणारी आत्या होऊन. मग त्या सगळ्याचं वर्णन आम्ही कितीदा ऐकलं! पहाटे चारची घंटा, साडेचारला अंधारात हॉलकडे निघालेल्या शाली, पहिले साडेतीन दिवस फक्त नाकपुड्या आणि वरच्या ओठामधल्या बोटभर जागेवरचा श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, आणि मग अधिष्ठान. तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात सोडायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत. वही नाही, पुस्तक नाही, फोन नाही, शेजारणीला डोळ्यांनी खूण करणंही नाही. तू हे सांगताना तुझा चेहरा निवळत जायचा आणि ऐकता ऐकता माझे पाय खुर्चीखाली हलायला लागायचे. इगतपुरीच्या त्या धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरं चालू आहेत, कुठल्या कुठल्या देशांतून माणसं कसारा घाट चढून तिथे येतात, आणि तुझी सख्खी भाची, जेमतेम ४५ किलोमीटरवरची, जात नाही. हे तुला लागतं. मला कळत नाही असं समजू नकोस.

पण तू कोण आहेस हेही बघ ना जरा. नोट प्रेसमध्ये आयुष्यभर तू छापलेल्या शीटांमधले दोष शोधलेस. एखादी रेघ पुसट, एखादा आकडा केसभर सरकलेला, शाईचा नको तिथे ठिपका. १९२८ साली पाच रुपयांच्या नोटेपासून ज्या छापखान्याने काम सुरू केलं, तिथे तुझ्या नजरेला किंमत होती, पगार होता. लक्षावर तू घर चालवलंस, आम्हाला दिवाळीचे कपडे घेतलेस. माझं लक्ष पगाराच्या दिवशीसुद्धा हजर असेलच असं नाही. आणि मग तू म्हणतेस, ‘मला जमलं तर तुला का जमू नये?’

त्या डॉक्टरांकडे आपण दोघी गेलो होतो तो दिवस तू मनातून काढून टाकलायस का? चाळिशी उलटल्यावर मला एडीएचडी असेल अशी शंका आली, तेव्हा त्यांनी सांगितलं की हे मोठेपणी उपटत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात. मोठ्या माणसाला नऊपैकी पाच खुणा पुरतात, पण लहानपण बघितलेलं कुणीतरी सांगणारं हवं. आई नाही, आप्पा नाहीत. म्हणून तू. पदर सावरून बसलीस आणि म्हणालीस, ‘हुशार होती हो. जरा वेंधळी, एवढंच.’

त्या ‘एवढंच’चा मला इतका राग आला होता, आत्या! माझ्या सगळ्या प्रगतिपुस्तकांवर बाईंनी लाल शाईत तेच तर लिहिलं होतं. डॉक्टर मात्र शांत. वेंधळी म्हणजे नेमकं काय करायची, म्हणाले. आणि तू सांगत सुटलीस. डबे, छत्र्या, कंपास. एक चप्पल पायात आणि एक शाळेत. दारात उभं राहून आपण कुठे निघालो होतो हेच न आठवणं. गणिताची रीत बरोबर आणि उत्तर शेजारच्या गणिताचं. तुझ्या नोटा तपासणाऱ्या डोळ्यांनी माझं सगळं लहानपण तपासून ठेवलेलं होतं, एकही खूण सुटली नव्हती. तुला तो दोष वाटला नव्हता, इतकंच. दंगा करणाऱ्या मुलाला निदान हेडमास्तरांपुढे उभं करतात. खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलीला कुठे नेणार? तुझ्या साक्षीवर माझं निदान झालं बघ, आणि तुलाच ते अजून मान्य नाही.

परतताना रिक्षात द्वारकेच्या सिग्नलला तू एकदम म्हणालीस, ‘दादाही असाच होता.’ आणि मग नाशिकरोड येईपर्यंत गप्प. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून असं निघालंय की एडीएचडीच्या बाबतीत माणसामाणसातल्या फरकाचा सुमारे ७४ टक्के वाटा आनुवंशिक असतो. मला आकडा नको होता, तुझं ते वाक्य पुरलं. आप्पांचे उघडून ठेवलेले रेडिओ, उत्साहात सुरू केलेले आणि कंटाळा येताच सोडलेले धंदे, आईचं ‘ऐकताय ना?’ त्यांना कुणी डॉक्टर भेटला नाही. बायको भेटली आणि बहीण भेटली.

म्हणूनच डॉक्टरांनी दिलेल्या गोळीला तू कुबडी म्हणालीस ते मला फार लागलं. अजूनही लागतं. ती सहज मिळत नाही हे तुला माहीत नाही. तिच्यातलं मिथाइलफेनिडेट १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीत आहे. दुकानदार चिठ्ठी उलटसुलट करतो, मग मला वरपासून खालपर्यंत बघतो, मग ‘स्टॉक नाही’ म्हणतो. तू म्हणालीस, ‘इतकी वर्षं लागली नाही, आत्ता कशाला?’ लागली गं. मिळाली नाही. तुझ्या कपाटात शिबिराच्या आचारसंहितेची ती पुस्तिका आहे ना, ती एकदा पुन्हा काढ. विपश्यना वैद्यकीय किंवा मानसोपचाराची जागा घेत नाही, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. फॉर्मवर चालू औषधं विचारतात. तुझे गुरुजी तुझ्यापेक्षा मवाळ निघाले की!

आणि गुरुजींची ती गोष्ट. तुझ्याकडूनच ऐकलेली. ब्रह्मदेशातले मोठे व्यापारी, मायग्रेनने हैराण, मॉर्फिनची इंजेक्शनं, परदेशातले डॉक्टर करून झाले, आणि शेवटी १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्या दारात गेले. ऊ बा खिन यांनी आधी नकारच दिला. डोकेदुखी घालवायला आला असाल तर ही जागा त्यासाठी नाही, मन निर्मळ करायचं असेल तर या. ही गोष्ट तू मला का ऐकवतेस ते समजतं. साधना कामापुरती वापरायची वस्तू नाही, असंच ना? मला पटतंही ते. पण मी आत्ता डोकेदुखीच्याच पायरीवर उभी आहे, आत्या. मला अजून निब्बाण नको. दूध गॅसवर ठेवलंय हे दूध उतू जायच्या आत आठवायला हवं.

तू म्हणशील, साधना अशी औषधासारखी वापरणं हे अमेरिकेचं खूळ. थोडं आहेच. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ही आशियातल्या मठांमधली साधना काही आठवड्यांच्या वर्गात बसवली, दुखणाईत माणसांसाठी. तिचं आता ॲप झालंय आणि ते ॲप मला ‘आज तुम्ही ध्यान केलं नाही’ असं संध्याकाळी टोमणा मारतं. ते मी काढून टाकलं. टोमणे मारायला माणसं आहेत. पण लिडिया झायलोव्स्का नावाच्या डॉक्टरबाईंनी आमच्यासारख्यांसाठी जे केलं ते मला आवडलं. २००८ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांनी २४ मोठी माणसं आणि आठ किशोरवयीन मुलं घेऊन आठ आठवड्यांचा एक छोटा प्रयोग केला. बसायचं ते सुरुवातीला पाच मिनिटं, वाढवत नेऊन पंधरा, आणि बसवत नसेल तर चालायचं. तासाची बातच नाही. पुढे नेदरलँड्समध्ये १२० जणांवर नीट तुलना करून पाहिलं, २०१९ मध्ये ते छापून आलं. नेहमीच्या उपचारांसोबत ज्यांनी असं ध्यान केलं त्यांच्यातल्या २७ टक्क्यांची लक्षणं तीस टक्के किंवा त्याहून जास्त कमी झाली. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत असे चारच टक्के. हा आकडा मला प्रामाणिक वाटतो. शंभरातल्या त्र्याहत्तर जणांना एवढा फरक पडला नाही, हेही तो लपवत नाही. मी सत्तावीसांत की त्र्याहत्तरांत, कोण जाणे.

चालण्याला तू साधना मानत नाहीस, हे मात्र मला कळत नाही. तुझ्याच सतिपट्ठान सुत्तात चालताना, उभं असताना, बसताना, आडवं होताना, चारही वेळचं भान सांगितलंय. खाताना, पिताना, शौचाला जातानासुद्धा. ते पुस्तक तू दिलंस म्हणून तर मी वाचलं. अर्धंच वाचलं, पण नेमकं हे माझ्या अर्ध्यात होतं.

आता खरं ते सांगते, ज्यासाठी हा सगळा पसारा मांडला.

लहानपणापासून माझं मन भरकटलंय हे मला कधी स्वतःहून कळलंच नाही. ते नेहमी दुसऱ्याच्या आवाजात कळायचं. ‘कुठे आहे लक्ष?’ बाईंचा आवाज, आईचा आवाज, मग नवऱ्याचा, मग साहेबांचा. भानावर येणं आणि ओरडा बसणं हे माझ्यासाठी एकदमच व्हायचं. इतक्या वर्षांत त्या दोघांची अशी गाठ बसली की पुढे ओरडणारं कुणी नसलं तरी भान येताच छातीत धस्स व्हायचं, आता काय चुकलं? मग त्या धस्सपासून पळायला मन आणखी लांब जायचं. माझी बैठक या जागी मोडते. तू म्हणतेस कंटाळ्याने मोडते. कंटाळा येतोच, पण शरम त्याहून आधी येते. डोळे मिटून बसले की दर दहा श्वासांनी बाईंची लाल शाई.

पायऱ्यांवर पहिल्यांदा असं झालं की मी गेले होते, परत आले, आणि कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. दगड पायाखाली होता, तिथेच.

मग मला आठवलं की हे आधी झालेलं आहे. कधी, सांगू? तुझ्या जेलरोडच्या घरी, मे महिन्यात. दुपारची पाळी नसेल तेव्हा तू पाट मांडून तांदूळ निवडायला बसायचीस आणि मला समोर घ्यायचीस. ताटात पसाभर तांदूळ. मी चार खडे काढायची आणि मग ताटात बोटाने रस्ते, नद्या, रेल्वे काढत बसायची. कितीतरी वेळ. तू कधीच ‘लक्ष कुठंय’ म्हणाली नाहीस. माझ्या हातातलं राहिलेलं ताट हळूच आपल्याकडे ओढायचीस आणि नवा, छोटा ढीग माझ्यासमोर सारायचीस. ते ताट सरकल्याचा आवाज झाला की मी परत यायची. पुन्हा चार खडे. दुपारभर. संध्याकाळी तू आईला सांगायचीस, ‘पोरीने तांदूळ निवडून दिले.’ धडधडीत खोटं! पण मी ते ऐकायला मोरीच्या दाराआड उभी असायची.

तू तेव्हा इगतपुरी बघितलीही नव्हतीस. कुणी शिकवलं होतं तुला? आप्पांनीच ना? त्यांच्यासोबत वाढलीस म्हणून तुला माहीत होतं की असं मूल ओढून परत येत नाही, त्याच्यापुढे छोटा ढीग सारावा लागतो. मग शिबिरं करून आल्यावर तू ‘प्रयत्न कमी पडतात तुझे’ कधीपासून म्हणायला लागलीस गं? मैत्री दे म्हणतेस साऱ्या प्राणिमात्रांना. भाचीची पाळी कधी येते?

राहू दे. चिडचिड झाली. ही चिडचिडही आता जरा आधी दिसते, एवढा फायदा झालाय. ऑफिसात सप्लायर फोनवर खोटं बोलायला लागला की माझं उत्तर तोंडाशी आलेलं असतं. ते आलंय, हे कधी कधी दिसतं. दिसलं तर गिळता येतं, नाहीतर निदान नीट शब्दांत देता येतं. रोज होत नाही. मागच्या आठवड्यात अजिबात झालं नाही, विचार आमच्या स्टोअरवाल्यांना. आणि किल्ल्या अजून हरवतातच. किल्ल्या ध्यानाने सापडत नाहीत, दाराशी खिळा ठोकावा लागतो. तो यांनी ठोकला. गोळीचा डबा चहाच्या डब्याला चिकटून ठेवलाय. फोनमध्ये गजर लावलेत, प्रत्येकाला वेगळा आवाज.

यावरून एक सांगायचं राहिलं. दहा नंबरच्या लेण्यात एकदा मी पाऊस थांबायची वाट बघत उभी होते. व्हरांड्यात नहपान राजाच्या जावयाचा, उषवदाताचा शिलालेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात काय असेल, आत्या? व्याजाचा हिशोब! तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवलेत. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून, पावसाळ्यात इथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. माझ्यातली पर्चेसवाली जागी झाली. दोन हजाराचे महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, भागिले वीस, बारा. चोख! पाऊस कधीच थांबला होता. मी तिथेच, मोबाईलवर उषवदाताचं सगळं कुळ शोधत. (हो, त्या दिवशी तो डिकीत नव्हता.) ऑफिसला उशीर झाला तो झालाच. माझं लक्ष नसतं असं कोण म्हणतं? त्याला मालकीण नसते, हा घोळ आहे.

पण सांगायचं होतं ते हे. ती माणसं त्या दगडी खोल्यांत पावसाळाभर शांत बसू शकली, कारण बाहेर कुणीतरी विणकरांकडे पैसे ठेवून, दर ठरवून, ते भिंतीवर कोरून ठेवलं होतं. त्यांच्या कपड्यालत्त्याची सोय मनोनिग्रहावर सोडलेली नव्हती. मग माझ्या खिळ्याला, गजराला आणि गोळीला तू कुबडी का म्हणावंस?

दिवाळीनंतरच्या एका शिबिराची तारीख तू पाठवली आहेस. बघितली. अजून ठरवलं नाही. एकदम दहा दिवस मला झेपतील असं वाटत नाही, आणि हट्टाने जाऊन चौथ्या दिवशी बॅग उचलून परत यायचं नाहीये मला. डॉक्टरांना विचारेन. त्याआधी तू एका रविवारी इकडे ये. गुडघ्यामुळे वर चढवणार नाही तुला, खाली बुद्ध स्मारकाच्या आवारात सपाटीवर चालू. तू तुझ्या पद्धतीने, मी माझ्या. बोलायचं नाही, कबूल. मग मिसळ खाऊ. तू कमी तिखट घे.

आणि फॉर्म भरलाच, तर औषधाचा रकाना मी कोरा ठेवणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. तो वाचून त्यांनी ‘सध्या नको’ कळवलं, तर तू माझ्यावर रागवायचं नाहीस आणि त्यांच्यावरही नाही. ऊ बा खिन यांनीही आधी नाहीच म्हटलं होतं ना?

तुझी,
वेंधळी